पाय दुखत नाही, कारण ते तेवढे चालतच नाहीत

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७२ वर्षांचे, १२ वर्षांपासून मधुमेह, बिडी चार वर्षांपूर्वी सुटली. तपासणीत पायांना रक्त कमी पोहोचते असे निघाले. उजव्या पायाचा एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर) ०.६२, डाव्याचा ०.८०. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. वडील म्हणतात, "माझा पाय दुखतच नाही." घरच्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुखत नसेल तर काळजी कशाची? आणि पुढे पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून आत्ताच अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा घालून धमनी रुंद करणे, उरकून घ्यावी का?

आधी वडिलांना एक साधी गोष्ट विचारा. तीन वर्षांपूर्वी रोज कुठवर जात होता आणि आता कुठवर जाता? मंडईत जाणारा माणूस हळूहळू कोपऱ्यावरच्या गाडीवर भाजी घेऊ लागतो, पुढे फोन करून मागवतो. देवळात जाणे संकष्टीपुरते उरते. तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाण्याऐवजी मित्रालाच खाली बोलावले जाते. दर वेळी कारण तयार असते: ऊन, गर्दी, खोदलेला रस्ता, गुडघे. यात कुणी खोटे बोलत नसते. जिथून पोटरी भरून येते त्या अंतराच्या अलीकडेच थांबायची सवय पायाला लागलेली असते, म्हणून दुखणे जाणवायची वेळच येत नाही.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मेरी मॅकडरमॉट यांचा गट अनेक वर्षे नेमका हाच विषय अभ्यासतो आहे. २००४ साली त्यांनी पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या वृद्धांची दोन वर्षांची चालण्याची मोजमापे प्रसिद्ध केली. चालताना पाय दुखतो म्हणणाऱ्यांची ताकद घसरली, यात नवल नव्हते. मात्र काहीच दुखत नाही म्हणणाऱ्यांचीही चाल निरोगी लोकांपेक्षा जास्त घसरली होती. त्यामुळे "दुखत नाही" या उत्तराने तुम्ही निर्धास्त होऊ नका.

असे का होते? बसलेले असताना पोटरीच्या स्नायूला फार थोडे रक्त लागते आणि बरीच अरुंद झालेली धमनीही तेवढे पुरवते. चालायला लागल्यावर गरज कित्येक पट वाढते आणि तिथे पुरवठा तोकडा पडतो. हा ताण रोज थोडा थोडा झाला की स्नायूंचे तंतू झिजतात, त्यांच्या जागी चरबी साठते, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडते आणि पायाच्या मज्जातंतूंचाही वेग मंदावतो. चालणे कमी केल्यामुळे जो स्नायू शिल्लक आहे तोही वाया जातो. वृद्धापकाळात परावलंबन येते ते या वाटेने. आधी जिना सुटतो, मग एकट्याने बाहेर जाणे सुटते, मग भारतीय पद्धतीच्या संडासातून उठता येत नाही. पाय कापावा लागणे हे यातले टोक आहे आणि तिथवर फार थोडे लोक पोहोचतात. चालणे मात्र बहुतेकांचे कमी होते.

आता त्या आकड्यांबद्दल, कारण ते चुकीचे काढलेले बरेच दिसतात. एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. रुग्णाला आधी ५ ते १० मिनिटे आडवे झोपवायचे. जिना चढून आलेल्या माणसाचे लगेच मोजले तर आकडा खोटा कमी येतो. पट्टा घोट्याच्या जरा वर बांधायचा आणि हातातल्या डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) पावलाच्या पाठीवरची एक आणि आतल्या घोट्यामागची एक, अशा दोन धमन्या ऐकायच्या. आवाज बंद झाला की आणखी २० ते ३० मिमी दाब वाढवायचा, मग सेकंदाला साधारण २ मिमी या गतीने उतरवायचा. आवाज पुन्हा आला तो आकडा लिहायचा. दोन्ही दंड मोजायचे आणि त्यातल्या मोठ्या आकड्याने भागायचे. उदाहरणार्थ, उजवा दंड १४८, डावा १३८, उजव्या घोट्याच्या दोन धमन्या ९२ आणि ८८. तर घोट्याचा मोठा आकडा ९२ भागिले १४८, म्हणजे ०.६२. कुणी फक्त डावा दंड मोजला असता तर ०.६७ आला असता. घरातल्या रक्तदाबाच्या आपोआप चालणाऱ्या यंत्राने घोट्याचे माप घेऊ नका. दाब फार कमी असला की ते यंत्र चुकते.

१.०० ते १.४० हे नेहमीचे. ०.९१ ते ०.९९ म्हणजे काठावरचे. ०.९० किंवा कमी म्हणजे धमनी अरुंद आहे. ०.४० च्या खाली गंभीर. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात मात्र एक गोम आहे. धमनीच्या भिंतीत चुना साठतो, पट्टा तिला दाबूच शकत नाही आणि आकडा १.४० च्या वर जातो, किंवा आजार असूनही "नॉर्मल" येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तिथे ०.७० च्या खालचे गुणोत्तर कमी धरतात. वडिलांना १२ वर्षे मधुमेह आहे, त्यामुळे डाव्या पायाच्या ०.८० वर फार विसंबू नका. अंगठ्याचे माप घेतले आहे का, ते विचारा.

एबीआय धमनीचे सांगतो, माणसाचे सांगत नाही. माणसाची ताकद आणि चाल घरी मोजता येते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साधारण ४५ सेंमी उंचीची खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायला आणि बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. १५ पेक्षा जास्त लागत असतील तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे. मग जमिनीवर खडूने ४ मीटरच्या दोन खुणा करा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे. सिग्नलवर रस्ता ओलांडायला साधारण १.२ मीटर गती धरलेली असते, यावरून अंदाज येईल. शेवटी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभे राहता येते का पाहा. बाजूला कुणीतरी हात धरायला हवे. हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांनी एबीआयपेक्षा तेच उपयोगी पडतील.

घरात "नस दबली", "शिरा फुगल्या", "रक्त पोहोचत नाही" हे सगळे एकच समजले जाते, म्हणून थोडक्यात फरक सांगतो. रक्त कमी पोहोचते तेव्हा ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी, कधी मांडी किंवा कुल्ला भरून येतो आणि नुसते उभे राहिले तरी साधारण १० मिनिटांत उतरतो. कमरेत नस दबलेली असेल तर उभे राहून बरे वाटत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस सायकल खुशाल चालवतो. शिरांचा आजार असेल तर संध्याकाळी पाय सुजतात आणि वर ठेवले की हलके वाटतात. मधुमेहातली आग दोन्ही तळव्यांना, मोजा घातल्यासारखी आणि चालण्याशी संबंध नसलेली असते. एकाच माणसात यातले दोन-तीन आजार असणे या वयात अगदी सामान्य आहे.

उपायांत सर्वांत जास्त फरक पडतो तो चालण्याने, पण चालणे ठरावीक पद्धतीचे हवे. सकाळी मित्रांबरोबर गप्पा मारत केलेला फेरफटका यात धरू नका. मॅकडरमॉट यांच्याच गटाने २०२१ साली घरी चालण्याच्या दोन पद्धती वर्षभर ताडून पाहिल्या. दुखणार नाही अशा बेताने चालणाऱ्यांचे सहा मिनिटांतले अंतर काहीच न करणाऱ्यांइतकेच राहिले. पोटरी दुखू लागेपर्यंत जोर लावून चालणाऱ्यांचे वाढले. रुग्णांना हे ऐकायला आवडत नाही, आणि घरातले लोकही "दुखतंय तर बसा ना बाबा" म्हणून त्यांना बसवतात. हे दुखणे स्नायूला इजा करणारे नाही, हे वडिलांइतकेच आईलाही समजावून सांगावे लागते.

सुरुवात अशी करा. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, कारण पायाच्या धमन्या अरुंद आहेत म्हणजे हृदयाच्या असण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा रुग्णांना मोठा धोका हृदयविकार आणि पक्षाघाताचाच असतो. पायावर जखम असेल तर ती भरेपर्यंत हा कार्यक्रम थांबवा. जागा सपाट हवी आणि दर ५०-१०० मीटरवर बसायला काहीतरी हवे. सोसायटीचे आवार, शाळेचे मैदान, पावसाळ्यात इमारतीचा लांब व्हरांडा, काहीही चालेल.

वेदनेला १ ते ५ गुण द्या. १ म्हणजे काहीच नाही, २ म्हणजे सुरुवात, ३ म्हणजे थोडी, ४ म्हणजे बरीच, ५ म्हणजे पाऊल टाकवत नाही. वेग असा ठेवा की ३ ते ५ मिनिटांत दुखणे सुरू व्हावे आणि ८-१० मिनिटांत ३ किंवा ४ वर यावे. तिथे थांबा, बसा, आणि दुखणे पूर्ण १ वर येऊ द्या. मग पुन्हा चाला. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष चालण्याची मिनिटे १५ भरली तरी पुरे. विश्रांतीची वेळ त्यात मोजायची नाही. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवत ४० ते ४५ वर या. आठवड्यातून किमान ३ दिवस, जमल्यास ५, आणि निदान १२ आठवडे. दहा मिनिटे चालूनही दुखत नसेल तर वेग वाढवा किंवा थोडा चढ निवडा.

हे कुठे बिघडते तेही सांगतो. दुखणे अर्धवट असतानाच घाईने उठले की पुढची फेरी निम्म्यावर येते आणि "आज जमत नाही" म्हणून काम संपते. पहिले चार-सहा आठवडे फारसा फरक दिसत नाही, आणि सोडणारे बहुतेक त्याच काळात सोडतात. म्हणून तारीख, चाललेली मिनिटे आणि किती वेळा थांबावे लागले, हे रोज वहीत लिहायला लावा. तिसरी अडचण साखरेची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी असेल तर निघण्यापूर्वी साखर पाहा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. छातीत दाब, घाम, दम किंवा चक्कर आली तर त्या दिवसाचे चालणे तिथेच संपले, मग पाय कितीही बरा असो.

तीन महिन्यांनी एबीआय पुन्हा काढून निराश होऊ नका. चालण्याने तो आकडा फारसा हलत नाही. स्नायू त्याच रक्तातून जास्त काम काढायला शिकतो, त्यामुळे अंतर वाढते. चालणे सोडले की मिळवलेले काही महिन्यांत जाते.

ज्या दिवशी चालणे नसेल त्या दिवशी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे ८-८ चे तीन संच आणि स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलण्याचे १०-१० चे तीन संच करा. याने जिना चढणे सुधारते; लांब चालणे त्या मानाने कमी सुधारते, म्हणून हे चालण्याच्या जागी नको, जोडीला हवे. गुडघे किंवा कंबर यामुळे चालताच येत नसेल तर हाताने फिरवायच्या पॅडलचा व्यायामही चालण्याचे अंतर वाढवतो. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

औषधांत अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ किंवा क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ, सहसा दोहोंपैकी एक. त्याबरोबर भरपूर मात्रेतले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, कोलेस्टेरॉलचा आकडा "ठीक" असला तरी. ही दोन्ही पाय मोकळा करण्यासाठी नसून हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी आहेत, त्यामुळे "पायाला फरक पडत नाही" म्हणून ती बंद करू नका. चालण्यासाठी सिलोस्टॅझॉल १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दोन तासांनी. डोके दुखणे, धडधड, जुलाब होतात. ओमेप्राझोल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर मात्रा ५० मिग्रॅवर आणावी लागते. हृदय निकामी होण्याचा आजार असेल, अगदी सौम्यही, तर ही गोळी मुळीच घ्यायची नाही. तीन महिन्यांत उपयोग दिसला नाही तर बंद करा. पेंटॉक्सिफायलीन अजूनही लिहिलेली दिसते, पण चालण्यासाठी तिचा भरवशाचा फायदा नाही. सलाइनमधून "धमन्या धुऊन काढणाऱ्या" चिलेशनवर पैसे घालवू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासा, शाकाहारी घरात तर नक्कीच. हिमोग्लोबिनही पाहून घ्या. रक्त कमी असेल तर आहे ते अंतरही आखडते.

तंबाखूबद्दल एकच सांगायचे. बिडी सुटली तरी मळलेली तंबाखू किंवा मशेरी चालू नाही ना, ते पाहा. घरातल्या बायकांच्या मशेरीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि त्या सांगत नाहीत. स्त्रियांची चाल या आजारात पुरुषांपेक्षा लवकर घसरते, हेही ध्यानात असू द्या.

आता अँजिओप्लास्टी. "पुढे पाय कापावा लागू नये म्हणून आत्ताच करा" हा सल्ला वडिलांच्या स्थितीत चुकीचा आहे. जखम नाही, रात्री पाय दुखत नाही. अशा वेळी केवळ पुढचा धोका टाळण्यासाठी फुगा किंवा स्टेंट घालू नये, असेच आजचे मार्गदर्शन आहे. घातलेला स्टेंट पुन्हा अरुंद होऊ शकतो आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत हात घातल्याने चांगला पाय बिघडण्याचीही शक्यता असते. तीन महिने नीट चालून आणि औषधे घेऊनही रोजची कामे अडत असतील, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाशी बोला. अँजिओप्लास्टी झाली तरी चालण्याचा कार्यक्रम सुरूच राहतो.

पावलांची काळजी हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पाय गमावण्याची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या क्षुल्लक जखमेतून होते. धमनी अरुंद आणि संवेदना बोथट, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की जखम कळतही नाही आणि भरतही नाही. आपल्याकडच्या जखमांची कारणे ठरलेली आहेत: भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे, मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका, गरम पाण्याच्या पिशवीने शेक, अंगठ्याच्या चपलेच्या पट्ट्याने बोटांमध्ये पडलेली चीर, भोवरीवर लावलेली औषधी पट्टी. त्या पट्टीतले आम्ल भोवरीबरोबर चांगली कातडीही खाते. गावाकडे झोपेत उंदीर चावल्याचेही सकाळी रक्त दिसल्यावरच कळते.

रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरातल्या कुणीतरी पाहावे. कोमट पाणी वडिलांच्या पायाने नव्हे, दुसऱ्याच्या कोपराने तपासायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. खोबरेल तेल टाचांना लावा, बेचक्यांत नको. नखे आंघोळीनंतर सरळ कापा, कोपरे खोदू नका. पादत्राणे एमसीआर (मऊ, बारीक छिद्रांच्या) रबराच्या तळाची आणि मागे पट्टा असलेली, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घ्यायची. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहायचे. घरातही चप्पल घालायची. छोटीशीही जखम दोन दिवसांत सुकताना दिसली नाही तर डॉक्टरांकडे जा. हळदीचे किंवा पाल्याचे लेप लावून आठवडा घालवू नका.

एक चूक फार महाग पडते. रक्त कमी पडणाऱ्या पायाला रात्री झोपल्यावर ठणका लागतो आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरे वाटते. तसे रात्रभर बसून पाय सुजतो. सूज पाहून कुणीतरी घट्ट पट्टा किंवा व्हेरिकोजचे मोजे घालतो आणि पायाखाली उशी देतो. दोन्हींमुळे उरलासुरला पुरवठाही तुटतो. एबीआय पाहिल्याशिवाय या वयात घट्ट मोजे कधीही घालू नयेत.

असा रात्रीचा ठणका, न भरणारी जखम किंवा बोट काळे पडणे यांपैकी काहीही दिसले, तर वर सांगितलेला तीन महिन्यांचा हिशेब लागू नाही. त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला दाखवा. आणि एखाद्या दिवशी पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर पडला, बोटे हलवता येईनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, चोळू नका, शेकू नका. पाय वाचवायला हातात साधारण सहा तास असतात. ज्या रुग्णालयात त्याच रात्री धमनीतली गुठळी काढण्याची सोय आहे, तिथे थेट न्या. अशा रुग्णालयाचे नाव आणि फोन नंबर आजच विचारून त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.